तिकीट शेवटपर्यंत काढता येतं का? वेबसाइट आणि ॲप सुगम्य करण्याची सुरुवात

मराठी नाटकाचं तिकीट ऑनलाइन काढायचं झालं तर सात-आठ टप्पे येतात. नाटक शोधायचं, प्रयोग निवडायचा, आसनं ठरवायची, नाव-फोन भरायचा, ओटीपी टाकायचा, पैसे भरायचे, तिकीट जपून ठेवायचं. डोळस, ऐकू येणाऱ्या, दोन्ही हात नीट चालणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांचं काम. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन वापरणारा अंध प्रेक्षक मात्र पुष्कळदा आसनांपाशीच अडकतो आणि भाच्याला फोन लावतो, ‘अरे, एवढं तिकीट काढून दे.’ नाटक समजून घ्यायला त्याला कुणाची मदत लागत नाही. मदत लागते ती रंगीत चौकटींच्या त्या चित्रापुरती.

वेबसाइट किंवा ॲप बनवणाऱ्या, पण सुगम्यतेच्या म्हणजेच ॲक्सेसिबिलिटीच्या कामाला आजवर हात न लावलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. नाट्यतिकिटांची अशी एक सेवा कल्पून तेच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. तुमचं काम बँकेचं, शाळाप्रवेशाचं किंवा किराणा घरपोच देण्याचं असलं तरी अडथळे बहुतेक हेच असतात.

या विषयाचा जगभर मानला जाणारा मापदंड म्हणजे वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं. या कामातली माणसं त्यांना ‘विकॅग’ म्हणतात. पहिली आवृत्ती १९९९ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत, आणि व्यवहारात सगळे डबल ए गाठायचा प्रयत्न करतात. हा दस्तऐवज पहिल्याच दिवशी वाचायला बसू नका. अडलं की उघडून बघायचा तो कोश आहे; सलग वाचणारे बहुतेकजण तिसऱ्या पानावर गळतात.

पहिली पायरी: एकच काम निवडा

बहुतेक जण तपासणी मुखपृष्ठापासून सुरू करतात. तिथे बॅनर असतो, लोगो असतो, तळाशी पन्नास लिंका असतात. दोष शंभर निघतात आणि उत्साह तिथेच संपतो. वापरणारा माणूस तुमचं मुखपृष्ठ बघायला आलेला नसतो, तो तिकीट काढायला आलेला असतो. म्हणून एका कागदावर लिहा: ‘शनिवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढणं.’ या वाटेवर जे जे पान किंवा स्क्रीन येते, तेवढीच सध्या तुमची हद्द. बाकीच्या पानांवर कितीही मोठे दोष दिसले तरी त्यांची फक्त नोंद करून पुढे जा.

दुसरी पायरी: माउस बाजूला ठेवा

यासाठी काहीही डाउनलोड करावं लागत नाही. वेबसाइट उघडा, माउसला हात लावू नका आणि टॅब दाबत पुढे जा. मागे यायला शिफ्ट-टॅब, लिंक उघडायला एंटर, बटन दाबायला एंटर किंवा स्पेस, पर्यायांमध्ये फिरायला बाणांच्या कळा. आपण या क्षणी कुठे आहोत ते प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे त्या घटकाभोवती ठळक चौकट उमटली पाहिजे. ब्राउझर ही चौकट आपणहून देतो. डिझायनरला ती आवडत नाही, आणि कोणीतरी सीएसएसमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहून ती घालवतं. ती एक ओळ काढणं हे या लेखातलं सर्वांत स्वस्त काम.

चौकट आवडत नसेल तर स्वतःच्या रंगात आणि जाडीत नवी काढा. घालवू मात्र नका. हात थरथरणारे, एकाच हाताने काम करणारे, तोंडात धरलेल्या काठीने कळा दाबणारे असे कितीतरी जण याच चौकटीच्या भरवशावर पुढे सरकतात.

या फेरीत तीन गोष्टी हमखास सापडतात. एक, ‘ऑफर’ची खिडकी मध्येच उघडते आणि टॅब तिच्या मागच्या पानावरच भटकत राहतो. खिडकी उघडली की फोकस, म्हणजे या क्षणी आपण ज्या घटकावर आहोत ती जागा, तिच्या आत गेला पाहिजे, एस्केप दाबल्यावर ती बंद झाली पाहिजे आणि फोकस आधी जिथे होता तिथेच परतला पाहिजे. दोन, प्रत्येक पानावर मेनूच्या तीस लिंका ओलांडल्याशिवाय मजकूर येत नाही. त्यावर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी पहिलीच लिंक हा जुना आणि चांगला उपाय. तीन, काही गोष्टींपर्यंत टॅब पोचतच नाही. तिसऱ्या प्रकाराचं मूळ कोडमध्ये असतं, त्याकडे पुढे येऊ.

तिसरी पायरी: स्क्रीन रीडर सुरू करा

विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये टॉकबॅक असतोच, आयफोन आणि मॅकवर व्हॉइसओव्हर असतो. म्हणजे खर्च शून्य.

टॉकबॅक सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा ते शिकून घ्या. विनोद वाटेल, पण नवखे लोक इथेच घाबरतात, कारण टॉकबॅक चालू होताच स्पर्शाचे नियम बदलतात. एकदा टेकवलं की फक्त नाव ऐकू येतं, उघडायचं असेल तर दोनदा टेकवावं लागतं, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही व्हॉल्यूम बटनांचा शॉर्टकट आधी चालू करून ठेवा, म्हणजे ती तीन सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक केव्हाही बंद करता येईल. आयफोनवर बाजूचं बटन तीनदा दाबण्याचा असाच शॉर्टकट ठेवता येतो. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि क्यू दाबलं की बाहेर पडता येतं, आणि बडबड नकोशी झाली तर कंट्रोल दाबायचं.

आता डोळे मिटा आणि तिकीट काढा. एक बोट उजवीकडे सरकवत एकेका घटकावर जा. काय ऐकू येतं ते शेजारच्याला लिहून घ्यायला सांगा. पहिल्या फेरीत बहुधा अशी यादी होते: ‘बटन. बटन. इमेज. अनलेबल्ड. बटन. अधिक वाचा, लिंक. अधिक वाचा, लिंक.’ हीच यादी दुसऱ्या दिवशी टीमच्या बैठकीत वाचून दाखवा. तासाभराच्या प्रेझेंटेशनपेक्षा तिचा परिणाम जास्त होतो.

संगणकावर एनव्हीडीएमध्ये एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर, बी दाबून बटनांवर आणि एफ दाबून फॉर्मच्या रकान्यांवर उड्या मारून पाहा. सरावलेला वापरकर्ता असाच फिरतो, वरपासून खालपर्यंत सगळं पान तो ऐकत बसत नाही. तुमच्या पानावर खरी शीर्षकं नसतील आणि फक्त मोठा ठळक मजकूर असेल, तर त्याच्या दृष्टीने ते पान म्हणजे एकच लांबलचक परिच्छेद.

चौथी पायरी: मराठी मजकूर मराठीत वाचला जातो का

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये हा भाग एका ओळीत संपतो. आपल्याकडे अर्धी लढाई इथेच असते.

पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगायची सोय असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ लिहायचं. टेम्पलेट परदेशी असेल तर तिथे ‘ईएन’ असतं आणि ते बदलायचं कोणाच्या लक्षातही येत नाही. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि तो आवाज देवनागरी अक्षरं एक तर गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. हिंदीचा कोड असेल तर मजकूर वाचला जातो, पण हिंदी वळणाने. मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद येत असेल तर तेवढ्या भागाला वेगळा भाषाकोड द्या. एखाद्या सुट्या इंग्रजी शब्दासाठी मात्र एवढा खटाटोप नको.

दुसरं, जुने फॉन्ट. छपाईच्या व्यवहारातून आलेला पुष्कळ मराठी मजकूर अजूनही युनिकोडमध्ये नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतात. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं आणि कानांवर अर्थहीन आवाज पडतात. असा मजकूर शोधात सापडत नाही, मोबाइलवर उमटत नाही, भाषांतरालाही चालत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात. ती वापरा आणि नंतर जोडाक्षरं व रफार नजरेखालून घाला, कारण चुका तिथेच राहतात.

तिसरं, फोटोतला मजकूर. नाटकाची जाहिरात म्हणजे एक मोठं चित्र, आणि त्यातच नाटकाचं नाव, लेखक, कलाकार, नाट्यगृह, तारीख, वेळ, दर. स्क्रीन रीडरला यातलं काहीच दिसत नाही. चित्र जरूर ठेवा, पण तीच माहिती खाली अक्षरांत लिहा. सही-शिक्क्याचं परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवण्याची कार्यालयीन सवयही याच जातीची. मूळ फाइल ज्या संगणकावर टाइप झाली तिथूनच मजकुराची पीडीएफ काढता येते, आणि सहीची प्रत हवी असेल तर ती जोडीला देता येते.

पाचवी पायरी: कोडमध्ये खऱ्या वस्तू वापरा

बटन असेल तर ‘बटन’ टॅग, लिंक असेल तर लिंकचा टॅग, शीर्षक असेल तर एच१, एच२, एच३ क्रमाने. एवढं पाळलं तर निम्म्याहून अधिक दोष जन्मालाच येत नाहीत. मघाशी टॅब पोचत नव्हता अशा जागा तपासून पाहा: तिथे बहुधा ‘डिव्ह’ असतो, त्याला क्लिक जोडलेलं असतं आणि सीएसएसने बटनासारखा साज चढवलेला असतो. डोळ्यांना ते बटन दिसतं. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर यांच्यासाठी तो निव्वळ मोकळा चौकोन.

एचटीएमएलमध्ये ‘आरिया’ नावाची विशेषणं (ॲट्रिब्यूट) आहेत, त्यांनी अशा डिव्हलाही बटन म्हणून घोषित करता येतं. नवख्याने त्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घोषणा केली तरी एंटर-स्पेसची वागणूक तुम्हालाच लिहावी लागते, ती कुठेतरी चुकते, आणि चुकीचं आरिया नसलेल्या आरियापेक्षा जास्त घोळ घालतं.

चित्रांना ‘ऑल्ट’ मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, द्या. त्यात चित्राचं वर्णन करण्यापेक्षा चित्राचं काम सांगा. भिंगाच्या चिन्हाचा ऑल्ट ‘भिंग’ नको, ‘शोधा’ हवा. नुसती शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण ठेवा. तो गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव, आकडे आणि ठिपके सगळं वाचून दाखवतात. लिंकांना ‘येथे क्लिक करा’ असं नाव देऊ नका. लिंकांची यादी काढून ऐकणाऱ्याला ‘येथे क्लिक करा’ दहा वेळा ऐकू येतं. ‘शनिवारच्या प्रयोगाची तिकिटं’ असं लिहिलं तर एकदा ऐकून भागतं.

नाटकाची झलक दाखवणारा व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल तर ते बंद करा. स्क्रीन रीडरचा आवाज आणि तुमचं पार्श्वसंगीत एकाच स्पीकरमधून येतं. ते थांबवायचं बटन शोधायचं म्हटलं तरी आधी ऐकू यायला हवं.

सहावी पायरी: आसनांचा नकाशा

सर्वांत अवघड जागा हीच. साधारण रचना अशी असते: एक मोठं चित्र, त्यात शेकडो बारीक चौकटी, हिरवी म्हणजे रिकामी, लाल म्हणजे गेलेली, टिचकी मारली की निळी. स्क्रीन रीडरला यातून ‘ग्राफिक’ एवढाच शब्द मिळतो. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्याला सगळं सभागृह एकाच रंगाचं. बोटं थरथरणाऱ्याने चौदा नंबर दाबला की पंधरा निवडला जातो. पडदा मोठा करून पाहणाऱ्याला आसनं दिसतात तेव्हा रंगांची सूची बाहेर गेलेली असते, आणि सूची दिसते तेव्हा आसनं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. प्रत्येक आसन हा खरा चेकबॉक्स किंवा बटन असू द्या आणि त्याला पूर्ण नाव द्या: ‘क ओळ, १४, ४०० रुपये.’ महत्त्वाचं आधी, कारण सरावलेले लोक भरधाव वेगाने ऐकतात आणि हवं ते कळलं की उरलेलं न ऐकताच पुढे सरकतात. निवडलं आहे की नाही, हे नावात लिहू नका. ते चेकबॉक्सची स्थिती म्हणून आपोआप सांगितलं जातं. गेलेल्या आसनावर रंगाबरोबर फुलीही काढा.

आठशे आसनं म्हणजे टॅबचे आठशे थांबे, आणि ही शिक्षा झाली. सगळा नकाशा टॅबसाठी एकच थांबा करा आणि आत बाणांच्या कळांनी फिरू द्या: डावी-उजवी ओळीतल्या ओळीत, वर-खाली ओळी बदलायला. आसन निवडल्यावर ‘क १४ निवडलं. एकूण दोन आसनं, ८०० रुपये’ असा संदेश पडद्यावर येतो, तो ‘लाइव्ह रीजन’मध्ये, म्हणजे बदल होताच स्क्रीन रीडर आपणहून वाचतो अशा भागात, ठेवला तर फोकस न हलवता ऐकूही येतो. आरिया इथे मात्र लागतं, आणि ‘पोलाइट’ हा प्रकार वापरायचा, म्हणजे चालू वाक्य तुटत नाही.

चौकटींचा आकार: विकॅग २.२ नुसार किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल, किंवा त्या हिशोबाने पुरेसं अंतर. मोबाइलवर याच्या पुढे जा. ॲपल ४४ पॉइंट सुचवतं, गूगल ४८ डीपी. एवढी आसनं एका स्क्रीनवर मावणार नाहीत हे उघड आहे. मग आधी विभाग निवडू द्या, मग ओळ, मग आसन. दोन बोटांनी चित्र मोठं करता येत असेल तर त्याच कामासाठी अधिक-उणे अशी बटनंही हवीत.

हे सगळं करण्याआधी खरं तर एक सोपी वाट बांधा: ‘किती तिकिटं, कोणत्या दराची, शेजारी-शेजारी हवीत का, पुढे की मागे’ एवढं विचारायचं आणि आसनं सुचवायची. काम चार दिवसांचं, आणि घाईत असलेले डोळस लोकही तीच वाट धरतील. ती मुख्य पानावरच ठेवा. ‘दिव्यांगांसाठी वेगळे पान’ अशी सवतीची सोय करू नका. असं पान सहा महिन्यांत जुनं होतं, आणि नवे दर, नवे प्रयोग तिकडे पोचत नाहीत.

नाट्यगृहाची माहितीही अक्षरांत लिहा. व्हीलचेअरची जागा कुठल्या ओळीत आहे, सोबत्याला शेजारी बसता येतं का, बाल्कनीला लिफ्ट आहे की नुसता जिना, दारापासून सभागृहापर्यंत किती पायऱ्या आहेत. तिकीट काढून झाल्यावर हे कळलं तर काय उपयोग!

सातवी पायरी: फॉर्म, ओटीपी आणि घड्याळ

प्रयोगाची तारीख निवडायला महिन्याचं कॅलेंडर कशाला? प्रयोग असतात तीन किंवा चार. ‘शनिवार, १४ जून, दुपारी ४’ अशा रेडिओ बटनांची साधी यादी कोणत्याही कॅलेंडरपेक्षा सरस.

प्रत्येक रकान्याला लेबल हवं, आणि ते कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेलं हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागताच ती नाहीशी होते आणि विसराळू माणूस बुचकळ्यात पडतो. लाल चांदणीऐवजी ‘आवश्यक’ असा शब्द लिहा. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ म्हणू नका. ‘मोबाइल नंबर दहा अंकी हवा, तुम्ही नऊ अंक लिहिले आहेत’ असं त्या रकान्यालगत लिहा आणि फोकस तिथे न्या. कोणी देवनागरी अंकांत नंबर लिहिला तर तोही चालला पाहिजे. १ चं 1 करणं हे प्रोग्रामचं काम आहे.

भाषा साधी ठेवा. ‘सदर व्यवहार पूर्णत्वास नेण्यात अडचण उद्भवली आहे’ यापेक्षा ‘पैसे गेले नाहीत. पुन्हा प्रयत्न करा’ हे बौद्धिक अक्षमता असलेल्यालाही कळतं आणि घाईत असलेल्या वकिलालाही.

ओटीपीसाठी सहा सुट्या चौकटी दिसतात छान, पण स्क्रीन रीडरवर ते सहा निनावी रकाने होतात आणि पेस्ट केलेला आकडा पहिल्या चौकटीत अडकतो. एकच रकाना ठेवा, पेस्ट चालू ठेवा, आणि ‘वन टाइम कोड’ हा ऑटोकम्प्लीटचा प्रकार लावा म्हणजे फोन स्वतःच आकडा भरून देतो. ओटीपी असताना वर आणखी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा कशाला हवा? तो अंधांना अडवतो, त्याचा आवाजी पर्याय कर्णबधिरांना अडवतो. एकाच नंबरवरून किती वेळा ओटीपी मागता येईल यावर सर्व्हरवर मर्यादा घाला, बॉट तिथेच थांबतात.

ओळख पटवण्याच्या अशाच अटींवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा’ ही डिजिटल केवायसीची अट पूर्ण करता येत नव्हती. ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल आला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सुगम्य करण्यासाठी वीस निर्देश दिले. तुमच्या ॲपमध्ये चेहरा, डोळे किंवा बोटांचे ठसे मागितले जात असतील तर त्याला दुसरा पर्याय ठेवा.

आता घड्याळ. आसन निवडलं की दहा मिनिटं उलटी मोजली जातात आणि मग सगळं पुसलं जातं. स्क्रीन रीडरवर किंवा एका बोटाने टाइप करणाऱ्याला ती अपुरी पडतात. सर्वसाधारण नियम असा की वेळ संपण्याआधी इशारा द्यावा आणि एका साध्या कृतीने मुदत वाढवता यावी. तिकीटविक्रीत आसन अनिश्चित काळ अडवून धरता येत नाही हे डब्ल्यू३सीलाही मान्य आहे, पण त्यावर त्यांनी उपायही सुचवला आहे: नाव, फोन, पैसे भरण्याची पद्धत हे सगळं घड्याळ सुरू होण्याआधी भरून घ्या. आसन धरल्यावर फक्त खात्री करणं उरलं पाहिजे. हा बदल बहुतेक ॲपमध्ये पडद्यांचा क्रम बदलून होतो. घड्याळाचा प्रत्येक सेकंद मात्र मोठ्याने वाचून दाखवू नका. दोन मिनिटं राहिली की एकदा सांगा.

पैसे भरताना त्याच फोनच्या पडद्यावर क्यूआर दाखवून काय होणार? तो स्कॅन कशाने करायचा? वापरणाऱ्याचं रोजचं यूपीआय ॲप थेट उघडा, त्याला ते सवयीचं असतं. तिकिटावरही क्यूआरसोबत बुकिंग क्रमांक, ओळ आणि आसन अक्षरांत द्या, आणि एसएमएसही पाठवा.

आठवी पायरी: रंग, आकार, मात्रा

साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. मोठ्या अक्षरांना, म्हणजे २४ पिक्सेल किंवा साधारण १९ पिक्सेल ठळक, ३:१ चालतो. अंदाज लावू नका, मोजा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्येच आकडा दिसतो. पांढऱ्यावर ७७७७७७ हा करडा ४.४८ वर नापास होतो, आणि ७६७६७६ हा ४.५४ वर पास. झेंड्यातल्यासारखा केशरी, एफएफ९९३३, पांढऱ्या मजकुराखाली ठेवला तर जेमतेम २.१ मिळतात. मराठी साइटवर हा रंग सर्रास दिसतो म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यावर काळी अक्षरं ठेवा, प्रश्न मिटतो.

मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही तुटता कामा नये. देवनागरीत हे जास्त जपावं लागतं, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. बटनाची उंची पिक्सेलमध्ये ठरवून टाकली की मोठ्या अक्षरात नेमकं तेच छाटलं जातं आणि ‘किती’चं ‘कती’ होतं. उंची मजकुरानुसार वाढू द्या, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा. इंग्रजी डिझाइनमधून आलेलं अक्षरांमधलं जादा अंतर काढून टाका. त्याने शिरोरेषा तुटते.

नववी पायरी: ॲपपुरत्या काही गोष्टी

अँड्रॉइडमध्ये चिन्हांना ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ द्यायचं, आयओएसमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी लेबल’, फ्लटरमध्ये ‘सिमँटिक्स’. लेबलात ‘बटन’ हा शब्द लिहू नका, नाहीतर ‘शोधा बटन, बटन’ असं ऐकू येतं. नाटकाच्या एका कार्डात चित्र, नाव, नाट्यगृह, वेळ असे चार थांबे असतील तर ते एकत्र करून एकच थांबा करा. अक्षरांचा आकार अँड्रॉइडवर एसपीमध्ये द्या, म्हणजे फोनच्या सेटिंगमधला आकार तुमच्या ॲपलाही लागू होतो. डावीकडे ओढून काढून टाकण्यासारखी हालचाल असेल तर त्याच कामाचं बटनही द्या. पडदा उभाच राहील असं कुलूप घालू नका. व्हीलचेअरला आडवा फोन बसवलेल्या माणसाला तो फिरवता येत नाही.

कर्णबधिर वापरकर्त्यांसाठी यादी छोटी आहे, पण ती हमखास राहून जाते. व्हिडिओला मराठी मथळे, म्हणजे कॅप्शन, हवेत. यंत्राने काढले असतील तर माणसाकडून तपासून घ्या. आणि मदतीसाठी फक्त फोन नंबर देऊ नका, मेसेज किंवा ईमेलही द्या. ‘रद्द करण्यासाठी कॉल करा’ हा त्यांच्यासाठी बंद दरवाजा.

दहावी पायरी: साधनं, माणसं आणि कायदा

ॲक्स, वेव्ह, क्रोममधलं लाइटहाउस, अँड्रॉइडवर गूगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर ही साधनं मोफत मिळतात, वापरा. लेबल नाही, कॉन्ट्रास्ट कमी, भाषा सांगितलेली नाही हे ती पटकन पकडतात. ऑल्ट आहे पण निरर्थक आहे, क्रम उलटा आहे, संदेश समजत नाही हे त्यांना कळत नाही. लाइटहाउसमध्ये १०० गुण मिळवून आसन निवडता न येणारी साइट बनवणं सहज शक्य आहे.

‘कोडची एक ओळ टाका, साइट सुगम्य’ असं सांगणारी विजेट विकत घेऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांबद्दल ॲक्सेसीबी या कंपनीवर कारवाई केली आणि २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. कोपऱ्यातली लहान-मोठ्या ‘अ’ची बटनंही फारशी कामाची नाहीत. ज्याला मोठी अक्षरं लागतात त्याने ती फोनमध्येच करून ठेवलेली असतात.

स्वतःची तपासणी झाल्यावर दोन-तीन दिव्यांग वापरकर्त्यांना बोलवा आणि मानधन द्या. तेच काम सांगा, ‘दोन तिकिटं काढा’, आणि गप्प बसा. अडले तरी लगेच सुचवू नका. रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती तुमच्यासारखी घटकागणिक सरकत नाही. ती कुठून उडी मारते आणि कुठे परत फिरते, हे पाहण्यासाठीच तिला बोलावलेलं असतं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यांसारख्या संस्था आहेत, तिथे विचारता येईल.

वरिष्ठ खर्चाला नाही म्हणाले तर कायदा पुढे करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४६ सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांनाही सुगम्यतेच्या नियमांखाली आणतं. भारतीय मानक ब्यूरोचं सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे मानक आहे, सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, काही किमान नियम बंधनकारकच हवेत, असं केंद्राला बजावलं. तरीही पैशांचा हिशोब आधीच मांडलेला बरा: फरशी बसवून झाल्यावर पाइप टाकायला जितका खर्च येतो तितकाच तयार ॲप नंतर उसवायला येतो.

सापडलेल्या दोषांची क्रमवारी लावताना एकच कसोटी ठेवा. ज्याने तिकीट काढणं थांबतं ते याच आठवड्यात. ज्याने उशीर होतो ते पुढच्या आवृत्तीत. जे नुसतं कानाला खटकतं ते त्यानंतर. आणि प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी टीममधल्या एकाने टॉकबॅक लावून, पडद्याकडे न पाहता, क ओळीतली दोन आसनं काढून दाखवायची. निघाली नाहीत तर आवृत्ती थांबवायची.